काठीवरची पिवळी साडी

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. माझ्या आत्या विमानात कधी बसलेल्या नाहीत आणि बसणारही नाहीत, कारण विमानाची खिडकी उघडत नाही असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. तरीसुद्धा आमच्या डोंगरावरून जी माणसं हवेत उडायची, ती खाली उतरताना आधी आत्यांची साडी शोधायची. कामशेतच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा गणिताच्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघत बसल्या. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मधली सुट्टी त्यात संपून गेली.

माझं माहेर तळेगावच्या एका सोसायटीतलं. तिथे आमच्या डोक्यावर राहणारी मंडळी दिवसभर खाटा सरकवायची. लग्न होऊन कामशेतहून पवनेच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गावात आले, ते इथे निदान डोक्यावर कुणी नसेल या समाधानात. पहिल्याच हिवाळ्यात, भात निघून खाचरं मोकळी झाल्यावर, एका दुपारी मी अंगणात केस वाळवत बसले होते आणि माझ्या डोक्यावरून एक माणूस गेला. भल्यामोठ्या रंगीत कापडाखाली दोऱ्यांना लटकलेला, आरामखुर्चीत बसल्यासारखे पाय पसरलेला. त्याने मला वरून नमस्कार केला. मी ओल्या केसांनी आत पळाले. आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छत्रीवालं हाईत ते. काय करत न्हाईत. कोंबड्या तेवढ्या बिचकत्यात."

उडणारे लोक त्या कापडाला ग्लायडर म्हणतात, गाव छत्री म्हणतं. तिला इंजिन नाही की चाक नाही. समोरून येणारा वारा डोंगराला आपटून वर चढतो. माथ्यावरून त्या वाऱ्यावर पाय सोडायचे, दुपारभर त्याच्या जिवावर तरंगायचं आणि ऊन कलायच्या आत पायथ्याच्या मोकळ्या खाचरात उतरायचं, एवढाच त्या लोकांचा कार्यक्रम. पायथ्याची सपाट खाचरं आमची. त्यामुळे पुण्यामुंबईची, अगदी परदेशातलीही शिकलीसवरलेली माणसं शनिवार-रविवारी आमच्या शेतात पडायची. पडायची हा आत्यांचा शब्द. उतरायची म्हणा, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, "मी बगितलंय. तू बी बग."

उतरणाऱ्याला एक गोष्ट वरून कळावी लागते, ती म्हणजे वारा कुठून येतोय. वाऱ्याला तोंड देऊन उतरलं तर पाय अलगद टेकतात. वारा पाठीशी घेऊन उतरलं तर माणूस धावत सुटतो आणि नाकावर येतो. म्हणून उडायला शिकवणाऱ्या मास्तरांनी आमच्या बांधावर एक काठी रोवून तिला केशरी कापडाची बाही लावली होती. वारा भरला की ती फुगायची आणि दिशा दाखवायची. पहिली बाही शेळीने खाल्ली. दुसरी आत्यांनी स्वतः उतरवली, कारण तुमच्या बांधावर कुणाच्या झंपराची बाही टांगलीय, असं गावातल्या बायका विचारायला लागल्या होत्या. मास्तर तक्रार घेऊन आले तेव्हा अंगणात आत्यांची पिवळी नायलॉनची साडी वाळत होती आणि वाऱ्याने तिला पार आडवी धरली होती. मास्तर तक्रार विसरून तिच्याकडे बघत राहिले.

"मावशी, ही रोज वाळत घालाल का?"

"रोज धुतली तर इरून जाईल की."

"धुऊ नका. नुसती वाळत घाला."

न धुतलेली साडी वाळत घालायची, हे आत्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. पण एकदा उतरल्यावर त्यांनी ते काम असं अंगावर घेतलं की सुट्टीच्या दिवशी घरात दुसरं काही सुचू नये. सकाळच्या भाकरी झाल्या, चूल विझवून तिच्यावर शेणामातीचं पोतेरं फिरवलं, की साडी घेऊन बांधावर. एक टोक काठीला घट्ट बांधायचं, पदर मोकळा सोडायचा. संध्याकाळी शेवटची छत्री उतरली की साडी काढून, झटकून, घडी घालून ट्रंकेत. पिवळी नेसायची मात्र त्यांनी बंद केली. ती आता नोकरीला लागली होती.

मास्तरांच्या हातात वॉकीटॉकी असायचा. त्यावरून ते हवेतल्या शिकाऊ मंडळींना सूचना द्यायचे आणि त्या सगळ्या शिवारात ऐकू जायच्या. "साडी बघा. साडी कुठे चाललीय? साडीच्या उलट्या अंगाने या." मग वरून एखाद्या बँकेच्या साहेबाचा थरथरता आवाज यायचा, "सर, साडी हलत नाहीये." बक्षीससमारंभात आपल्याच पोराचं नाव पुकारलं जातंय, अशा तोंडाने आत्या बांधावर बसून हे ऐकायच्या.

त्यांच्या जाऊबाईंना हे सहन होणं शक्यच नव्हतं. जाऊबाईंचं खाचर आमच्या शेजारी. एका रविवारी त्यांनी आपली जांभळी साडी त्यांच्या गोठ्याच्या आडोशाला बांधली, जिथे वारा भिंतीला वळसा घालून उलटा येतो. पुण्याहून आलेल्या एका शिकाऊ गृहस्थांनी पिवळीऐवजी जांभळीवर विश्वास ठेवला आणि ते थेट जाऊबाईंच्या शेणखताच्या ढिगात जाऊन बसले. लागलं काही नाही, पण परत जाताना त्यांना कुणी गाडीत घेईना. शेवटी टेम्पोच्या हौद्यात उभे राहून स्टेशनला गेले. त्यानंतर मास्तरांनी दोन्ही जावांना समोरासमोर बसवून, एका डोंगराला एकच साडी, असा तह करून दिला. जाऊबाईंनी तह मान्य केला आणि जाता जाता काडी लावून गेल्या.

"काठीवर लय शोभती गं तुजी साडी. अंगावर कदी शोभल्याली बगितली न्हाई."

ते वाक्य आत्यांनी कुठेतरी जपून ठेवलं.

उतरलेल्या माणसाला त्या तसंच जाऊ देत नसत. बाळंतीण घरी आली, नवी नवरी आली, लांबच्या प्रवासातून कुणी आलं, की उंबऱ्यात त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. आत्या तो प्रत्येक छत्रीवाल्यावरून टाकायच्या. आभाळातून आलेल्यापेक्षा लांबून आलेला कोण, असं त्यांचं म्हणणं. एका परदेशी पाहुण्याने ओवाळलेला तुकडा त्यांच्या हातातून घेतला, आभार मानले आणि खाऊन टाकला. सगळी दृष्ट पोटात गेली म्हणून आत्या आठवडाभर हळहळत होत्या. पुढच्या रविवारी तो ठणठणीत परत आला आणि त्याने आणखी एक मागितला.

या सगळ्यांत आत्यांचा लाडका मात्र एकच. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत होते. केस मागे हटलेले, जाड चष्मा. आम्ही घरात त्यांना चष्मेवाले भाऊ म्हणायचो. थंडी पडली की दर रविवारी यायचे, सगळ्यांत शेवटी उतरायचे, तुकडा ओवाळून घ्यायचे आणि मग पडवीत चुलीपाशी बसून गरम भाकरी आणि ठेचा खाता खाता आत्यांना साडीचा वृत्तांत द्यायचे.

"मावशी, आज फॉल उसवलाय. पदराकडून हातभर."

आत्यांनी जाऊन बघितलं तर खरंच उसवलेला.

"येवड्या वरनं दिसतंय व्हय तुमास्नी?"

"वर दुसरं बघायला आहे काय, मावशी?"

एकदा पिवळी खरोखरच धुवायला काढली होती, म्हणून आत्यांनी काठीवर हिरवी बांधली. भाऊ खाली यायचं सोडून आमच्या डोक्यावर घिरट्या घालत बसले आणि मास्तरांच्या हातातून त्यांचा आवाज आला, "मावशी रुसल्यात का आज?" सगळं शिवार हसलं. साठी उलटलेली माझी सासू पदर तोंडाला लावून लाजली. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते. जेवताना नवऱ्याला त्याची नक्कल करून दाखवली, तर मागे आत्या उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पोळ्यांना नकाशे म्हणून सूड उगवला.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकवांचा धडाका असतो. त्यातल्याच एका रविवारी दोघी जावांना कामशेतला एका नातलगांकडे जायचं होतं. आत्यांनी सकाळी चूल आवरली, पोतेरं फिरवलं, काठीवर बांधायला म्हणून पिवळी साडी ट्रंकेतून काढली आणि जरा वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. मग ती स्वतःच नेसल्या.

"आत्या, ही?" मी विचारलं.

"समद्या बाया इचारत्यात, इमानाची साडी कंची, इमानाची साडी कंची. बगू द्या की एकदा अंगावर."

हे जाऊबाईंसाठी चाललंय हे न कळायला मी काही कालची सून नव्हते. गजरा माळून, पिवळीचा पदर दोनदा सारखा करून त्या टमटममध्ये बसल्या. काठी मोकळीच राहिली. मी घरात पेपर तपासत बसले.

दुपारी मास्तर आले, काठी मोकळी बघून थोडा वेळ घराकडे बघत राहिले, मग त्यांनी आपला शर्ट काढून काठीला बांधला आणि नुसत्या बनियनवर उभे राहून सूचना द्यायला लागले. मी खिडकीतून बघून हसले. पुढे वारा वाढत गेला. मास्तरांनी सगळ्यांना खाली बोलावलं आणि एकेक छत्री उतरली. चष्मेवाले भाऊ सगळ्यांत वर होते. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं, पण छत्री पुढे सरकेना. वारा त्यांना मागे मागे ढकलत माथ्यावरून डोंगराच्या पलीकडे घेऊन गेला. डोंगराच्या पुढच्या अंगाला जो वारा माणसाला उचलतो, तोच पाठच्या अंगाला त्याला खाली आपटतो. तिथे छत्री एका बाजूने मिटली, असं नंतर सांगितलं गेलं. आम्ही इकडून एवढंच बघितलं की लालपांढरी छत्री डोंगराआड गेली आणि परत आली नाही. मास्तर वॉकीटॉकीवर हाका मारत होते. मग त्यांनी हात खाली घेतला आणि बनियनवरच डोंगराकडे पळत सुटले.

गावातली माणसं पलीकडच्या कातळावर पोचली तेव्हा भाऊ गेलेले होते. चादरीच्या झोळीतून त्यांना खाली आणलं आणि गाडी येईपर्यंत आमच्या अंगणात ठेवलं. चष्मा डोळ्यांवर तसाच होता, फुटलाही नव्हता. मला रडू आवरेना, आणि राहून राहून त्या चष्म्याचंच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात टमटममधून दोघी जावा उतरल्या. हातात वाणाच्या वाट्या, आत्यांच्या अंगावर पिवळी. माणसांनी वाट करून दिली. आत्यांनी झोळीकडे बघितलं, मग बांधाकडे. काठीवर मास्तरांचा शर्ट फडफडत होता. जाऊबाई, कसलाही वाईट हेतू नसताना, हळूच बोलून गेल्या, "आज साडी न्हवती गं वर."

आत्या आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. झोळीजवळ उभ्या राहिल्या, पण ओवाळला नाही. गेलेल्या माणसावरून ओवाळत नाहीत. तुकडा मुठीत तसाच धरून त्या परत आत गेल्या.

त्या दिवसापासून आत्यांनी मनात पक्कं केलं की भाऊंना त्यांनीच मारलं. त्यांचं सरळ म्हणणं होतं. "मागं हिरवी बांधल्याली, तवा बी खाली यायचं सोडून हुडकत बसलं व्हतं. त्या दिशी बी हुडकत ऱ्हायलं आन् मागं गेलं. साडी कुटं? साडी कामशेतात, माज्या अंगावर, तिळगूळ खातिया."

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी समजावलं. नवऱ्याने समजावलं. मास्तर स्वतः आले, पडवीत ताट उभं धरून त्यावर तांब्याने पाणी ओतलं आणि म्हणाले, हे ताट म्हणजे डोंगर, हे पाणी म्हणजे वारा, बघा पाठीमागे कसं पडतं. आत्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सांडलेलं पाणी फडक्याने टिपलं आणि विचारलं, "तुमचा शर्ट कंच्या रंगाचा व्हता?"

"पांढरा."

"मंग?"

मास्तर चहा न घेता गेले. जाऊबाईंनी तर आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आपली जांभळी साडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की हवी तर ही बांध, मी कुनाला सांगत न्हाई माजी हाय म्हणून. आत्यांनी त्यांना बसायला पाट दिला आणि साडीला हातही लावला नाही. काठी उपटून गोठ्यात आडवी पडली होती. पिवळी ट्रंकेच्या तळाला गेली.

आत्यांचं खाणं कमी झालं, पण त्याने मी एवढी घाबरले नव्हते. मी घाबरले ते त्या मला बोलेनाशा झाल्या तेव्हा. माझ्या पोळ्यांना नकाशा म्हणणं बंद झालं. मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घातलं, मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं, मोरीतली घागर आठवडाभर घासली नाही. त्या म्हणायच्या, "असू दे." आत्या आणि असू दे. हे मनावर घेऊन ही बाई फार काळ काढणार नाही असं मला खरोखरच वाटायला लागलं, आणि माझं त्यांच्यावाचून चालण्यासारखं नव्हतं. भांडायला मला घरात दुसरं होतंच कोण?

शिमगा झाल्यावर मास्तरांचा फोन आला. भाऊंच्या पत्नीला ती जागा बघायची होती, आणि जिथे ते दर रविवारी जेवायचे ते घरही. आत्यांना सांगितलं, तर त्या उठल्या आणि गोठ्यात म्हशीच्या पलीकडे जाऊन बसल्या.

बाई आल्या. साधा ड्रेस, पांढरे होत चाललेले केस, शांत चेहरा. मास्तर गाडीपाशीच थांबले. मी बाईंना या, आत या, म्हणाले आणि त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या. एवढ्यात गोठ्यातून आवाज आला.

"थांब गं. तशीच नको घेऊस आत."

लांबून आलेलं माणूस तसंच उंबरा ओलांडतंय, हे आत्यांना लपून बसूनही बघवलं नाही. साडीला वैरणीच्या काड्या चिकटलेल्या, अशा त्या आल्या, आतून भाकरीचा तुकडा आणला, बाईंवरून ओवाळला आणि अंगणात भिरकावला. हात अजून खाली आला नव्हता तोच बोलून टाकलं, "बाई, तुमच्या मालकास्नी मी मारलं."

आम्ही पडवीत बसलो. आत्यांनी सगळं सांगितलं. हिरवी साडी, जाऊबाईंचं बोलणं, हळदीकुंकू, काही राखून ठेवलं नाही. बाई चुलीकडे बघत होत्या. आत्यांचं बोलून झालं तेव्हा म्हणाल्या, "मावशी, राग मानू नका. पण ते तुमच्या साडीकडे बघायचेच नाहीत."

आत्यांनी मान वर केली.

"त्यांना लांबचं नीट दिसायचं नाही. वर गेलं की चष्म्यावर वाफ धरायची. ते तुमच्या चुलीचा धूर बघून उतरायचे. धूर जाईल तिकडे वारा. मला म्हणायचे, मावशींना सांगायचं नाही हं, त्यांना वाईट वाटेल."

"आन् फॉल? फॉल उसवल्याला सांगितला त्यो?"

"खाली आल्यावर बघितला असेल."

मला माझ्या सासूच्या तोंडाकडे बघवेना. नुसतं दुःख असतं तर मला समजलं असतं, पण तिथे चांगला ठसठशीत अपमानही होता. इतके हिवाळे उन्हात बांधावर बसायचं, आणि हा माणूस धूर बघत होता. मग त्यांचे डोळे बारीक झाले आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"त्या दिशी चूल पेटल्याली व्हती का गं?"

पडवीतल्या चुलीला आत्यांशिवाय कुणी हात लावत नाही. माझा सगळा कारभार आत, गॅसवर. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरलेले होते.

"होती की," मी म्हणाले. "चादरी उकळायला घातल्या होत्या. लाकडं ओली होती. एवढा धूर झाला की माझे डोळे दिवसभर चुरचुरत होते."

खोटं बोलणारं मूल एकाच्या जागी तीन कारणं देतं आणि पकडलं जातं, हे मी वर्गात रोज बघते. तरी तीन दिलीच.

आत्या काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि रडायला लागल्या. भाऊ गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या. बाईंनी त्यांचा हात धरला आणि त्याही रडल्या. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि गॅसपुढे उभी राहून रडून घेतलं.

निघताना मी बाईंना गाडीपर्यंत सोडायला गेले. त्या दार धरून उभ्या राहिल्या.

"रविवारी घरी आले की चपला काढायच्या आधी मला साडी सांगायचे," त्या म्हणाल्या. "आज पदर असा उडत होता, आज काठ दुमडला होता. मी वैतागायचे. माझ्या साडीकडे जन्मात एवढं बघितलं नाही त्यांनी." त्या जराशा हसल्या. मग विचारलं, "चूल पेटलेली होती?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसल्या.

माझी शिक्षा पुढच्याच रविवारी सुरू झाली. आत्यांनी काठी पुन्हा रोवली, पिवळी ट्रंकेच्या तळातून वर काढली आणि बांधता बांधता, दिसत न्हवती म्हणं, दिसत न्हवती, असं काठीलाच ऐकवत होत्या. मी खूश होऊन बघत होते. मग परत येऊन त्यांनी माझ्या हातात फुंकणी दिली.

"हे कशाला?"

"आता साडी बी पायजे आन् धूर बी. कुनाला वरनं काय दिसतंय, आपुन कसं सांगावं? मी बांधावर बसते. तू चुलीपाशी बस."

तेव्हापासून शनिवार-रविवारच्या दुपारी मी ओली लाकडं घालून चूल फुंकत बसते. भाकरी नाही, पाणी नाही, नुसता धूर. डोळे लाल होतात. तपासलेल्या पेपरांना धुराचा वास येतो आणि सोमवारी वर्गात पोरं ते नाकाला लावून बघतात. मास्तर वॉकीटॉकीवर, साडी बघा, धूर बघा, असं दोन्ही सांगतात. बांधावरून आत्या माझ्या धुराची नालस्ती करतात. सरळ जात न्हाई, पातळ हाय, शेजारणीचा कसा दाट असतो. जाऊबाईंना तर हा धूर इतका आवडलाय की त्या मुद्दाम बघायला येतात.

पुढच्या हिवाळ्यातल्या एका दुपारी मी वैतागले. डोंगरावर छत्र्या होत्या, वारा मंद होता, आत्या माझ्या शेजारी पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या.

"आत्या, बास आता," मी म्हणाले. "माझे डोळे जातील."

त्यांनी मान वर केली नाही.

"कंच्या चादरी उकळल्या व्हत्यास गं त्या दिशी?"

मी जोरात फुंकर घातली.

"दोरीवर येक बी न्हवती," त्या म्हणाल्या. "आन् चुलीला सकाळी केल्यालं पोतेरं सांजच्याला तसंच व्हतं. बोट बी लागल्यालं न्हवतं कुनाचं. आन् रविवारच्या दुपारी कवा पेटत व्हती ती? मी तर बांधावर."

फुंकणी माझ्या तोंडातच राहिली. म्हणजे बाई पडवीत बसून धुराचं सांगत होत्या, तेव्हा आत्यांना ठाऊक होतं. मी चादरी उकळत होते, तेव्हाही ठाऊक होतं.

"मग मला विचारलंत कशाला?"

"तू काय म्हणतीस ते बगायचं व्हतं."

"आणि त्यांना का नाही बोललात?"

आत्यांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली आणि दुसरी घेतली.

"जिचा मालक गेला, ती येवड्या लांबनं येऊन मला सोडवाया खोटं बोलती. तिला खोटी पाडू व्हय मी?" त्यांनी सालं एकीकडे सारली. "तिनं सोडलं मला. मंग मी कोन धरून बसनारी?"

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुराचं नव्हतं. वर एक छत्री वळसा घेऊन खाली यायला लागली होती. आत्यांनी आधी काठीकडे बघितलं, मग चुलीकडे.

"फुक," त्या म्हणाल्या. "धूर कमी झाला."